रामटेके सरांची आठची पट्टी

परवा बर्डीच्या बाजारात साळ्यासाठी कॉम्प्युटर घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "साहेब, मेमरी किती टाकू? सोळा की बत्तीस? बत्तीस टाका. आजकाल त्याच्या खाली काही चालत नाही."

मी म्हणालो, "आधी काम काय हाये ते तर विचार ना गा."

तो माणूस पाहतच राहिला. साळाही पाहत राहिला, आपल्या जावईबापूंना यातलंही कळतं म्हणून. मी जरा ताठ झालो, आणि तिथल्या तिथं माझी कानशिलं गरम झाली. वाक्य माझं नव्हतं. ते रामटेके सरांचं होतं, आणि जगातल्या सगळ्या माणसांत ते तोंडातून काढायचा अधिकार ज्याला नाही असा एक माणूस असेल, तर तो मी आहे.

सरांची एक पट्टी मी घेतली होती. मेमरीची, आठ जीबीची, कॉम्प्युटरच्या पोटात बसते ती हिरवी पट्टी. महिन्याभरात देतो म्हटलं आणि दोन वर्षं दिली नाही. त्यापायी सरांचं एक काम राहिलं, कायमचं राहिलं. सर आता मुलीकडे भिलाईला असतात. नंबर आहे माझ्याकडे. लावत नाही.

आमच्या शाळेत ते कॉम्प्युटर शिकवायचे, मी भूगोल. दोघेही राहायला नंदनवनात, मधे दोन गल्ल्या. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बारीक अंगाचा, अर्ध्या बाह्यांचा बदामी शर्ट घालणारा माणूस. खिशात दोन पेनं, एक छोटी डायरी आणि एक खोडरबर. साठीला आलेला आणि खिशात खोडरबर ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. कोणाचं मशीन बंद पडलं की सर झाकण काढायचे, मेमरीची पट्टी उपसायचे आणि तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे. "अर्ध्या बिमाऱ्या याच्यानंच जातात," म्हणायचे, आणि खरंच जायच्या. फुकट. वरून खोडरबराचा भुगा टेबलावरून स्वतः पुसून घ्यायचे.

पण झाकणाला हात लावायच्या आधी एक विधी असायचा. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा. अंगातली वीज गजातून निघून जाऊ द्यायची आणि मगच पट्टीला शिवायचं. आमच्याकडे मे महिन्यात हवा अशी कोरडी होते की शर्ट काढताना चटचट आवाज येतो. त्या चटक्यानं पट्टी मरते, असं सर सांगायचे. नुसतं सांगायचे नाहीत, करून घ्यायचे. एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते. सरांनी एक मशीन उघडलेलं, साहेबांनी कौतुकानं आत बोट घातलं. सर म्हणाले, "साहेब, पह्यले गजाले हात लावा." साहेबांनी लावला. सर कामात गुंतले ते गुंतले, हात सोडा म्हणायचं विसरले. साहेब बिचारे पंधरा मिनिटं गज धरून उभे होते आणि आम्ही सगळे त्यांच्यामागे. हसायची सोय नव्हती.

मेमरी म्हणजे काय हे ते आठवीच्या वर्गात ओट्यावरून शिकवायचे. "तुझ्या आईचा स्वयंपाकाचा ओटा हाये ना, ते मेमरी. अन् सामान ठेवाची कोठी हाये, ते डिस्क. कोठीत कितीही भरलं असलं तरी ज्याचं काम चालू हाये तेच ओट्यावर येते. मंग ओटा केवढा पाहिजे?" पोरं म्हणायची, मोठा. "कायले? चार पोळ्या लाटाच्या अन् ओटा लग्नघरचा?" पोरं हसायची. मग म्हणायचे, "अन् लग्नघरच असलं तर? मंग लहान ओट्यावर जीव जाते बाईचा. एक भांडं उचला, कोठीत ठेवा, दुसरं आणा. सारा वेळ उचला-ठेवातच जाते. म्हणून आधी विचाराचं, काम काय हाये."

हे शेवटचं ते सगळ्यांनाच विचारायचे. नंदनवनात कोणीही कॉम्प्युटर घ्यायचा म्हटला, की आधी सरांकडे जायचा. सर दुकानाचं नाव सांगायचे नाहीत, आकडाही सांगायचे नाहीत. म्हणायचे, "येतो मी. बसतो बाजूले." येताना छोटं स्टूल सुद्धा आपलंच आणायचे. तुमच्या जुन्या मशीनच्या कोपऱ्यात मेमरीचा आलेख उघडून ठेवायचे आणि म्हणायचे, "तू तुझं काम कर. मी नाही असं समज." अर्धा तास गप्प. आलेख वर चढला की डायरीत आकडा टिपायचे. उठताना सांगायचे, "आठ पुरते तुले." किंवा "सोळा घे." चहा घ्यायचे, स्टूल उचलायचे आणि जायचे.

आमच्या मुख्याध्यापिका बाईंचं मशीन फार हळू चालायचं. नवीन पाहिजे म्हणून त्यांनी पत्र तयार केलं होतं. सर म्हणाले, "मॅडम, पत्र थांबवा, अर्धा तास बसतो." बसले. बाईंच्या मशीनवर पन्नास-साठ खिडक्या उघड्या. गेल्या वर्षीचं परिपत्रक, ढोकळ्याची कृती, पुतणीच्या लग्नाच्या साड्या, पुन्हा परिपत्रक. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, मशीनले आठ पुरते. तुम्हाले एक चपराशी पाहिजे, खिडक्या लावाले." बाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण खिडक्या लावायला लागल्या.

यावरून लोकांचा असा समज झाला की सर कंजूष आहेत. मीही तसंच म्हणायचो, स्टाफरूममध्ये, त्यांच्या तोंडावर. ते चूक होतं. आमच्या भागात लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारा एकजण होता. तो सरांकडे मोठ्या आशेनं आला, की आठवर काम भागतं असं सर म्हणतील आणि आपण बायकोला सांगू. सर त्याच्या खोलीत अख्खा रविवार बसले. उठताना म्हणाले, "तुले बत्तीस पाहिजे. दुसरीकडं हात आखड, इथं नको. काम मोठं हाये तुझं." मी त्यांना छेडलं, काय सर, तुम्ही आणि बत्तीस? तर म्हणाले, "भोयर, कमी-जास्त असं काही नसते गा. काम केवढं हाये तेवढं."

शाळेतल्या लॅबमध्येही त्यांचा हाच कारभार. ऑफिसात नुसतं टायपिंग, तर तिथली एक पट्टी काढून चित्रं काढणाऱ्या पोरांच्या मशीनला लावायची. काढलेल्या पट्ट्या एका जुन्या कंपासपेटीत ठेवायच्या, चंदेरी पिशवीत गुंडाळून. ती पेटी घेऊन ते या खोलीतून त्या खोलीत फिरायचे आणि आम्ही म्हणायचो, निघाले डॉक्टर व्हिजिटला.

एवढ्या वर्षांत सरांनी शेकडो लोकांना विचारलं असेल, काम काय आहे म्हणून. त्यांच्या स्वतःच्या घरी एक मशीन होतं, खिडकीजवळच्या टेबलावर. त्याच्यावर ते काय करतात, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. बावीस वर्षं सोबत नोकरी केली.

शाळा बंद होत्या आणि आम्ही घरून शिकवायचो, त्या काळातली गोष्ट. मी भूगोलाचा माणूस, पण जन्मात विमानात दोनदा बसलेलो. तेव्हा मला एक खेळ सापडला, विमान उडवायचा. सगळी पृथ्वी त्यात. कुठूनही उडा, कुठंही उतरा, खाली खऱ्यासारखे डोंगर, नद्या, शहरं. त्या खेळाला सोळा जीबी लागायचे आणि माझ्याकडे आठ. विमान धावपट्टीवरच गचके खायचं. नवीन मशीन घ्या म्हटलं तर घरून परवानगी नाही. मग मला सर आठवले.

मी त्यांना फोन केला आणि खोटं बोललो. म्हटलं, सर, ऑनलाइन वर्गाला मशीन पुरत नाही. मुलांसाठी नकाशाचे व्हिडिओ बनवतोय, ते अडकून पडलेत. मी काही सराईत खोटारडा नाही. पण हे असं सरसर आलं तोंडातून की मलाच खरं वाटलं.

संध्याकाळी ते तोंडाला मास्क लावून फाटकाशी हजर. हातात स्टूल. "बसतो अर्धा तास बाजूले. पाहू किती लागते ते."

माझं धाबं दणाणलं. ते बाजूला बसले असते, तर काय उघडून दाखवणार होतो मी? विमान? म्हटलं, "सर, आता मोजत कुठं बसता? उद्या सकाळी क्लास आहे. पोरं खोळंबलीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डायरी काढली होती ती परत खिशात ठेवली. "पोरं खोळंबले तर मंग मोजत नाही बसत," म्हणाले आणि स्टूल घेऊन गेले. इतक्या लोकांत न मोजता त्यांनी मेमरी दिली असा मी एकटाच असेन.

दुसऱ्या दिवशी कंपासपेटी घेऊन आले. गजाला हात लावला, मलाही लावायला लावला, झाकण काढलं आणि पट्टी बसवली. "माह्या मशीनमधली होय. जुन्या जातीची हाये, बाजारात आता भेटत नाही. सांभाळून वापर."

"अन् तुमचं कसं?"

"जोडाचं काम झालं माहं. आता आठ पुरते."

कशाचं जोडायचं काम, हे विचारायला किती वेळ लागला असता? एक श्वास. मी म्हणालो, "महिन्याभरात आणून देतो सर, नवीन मागवलीय." मागवली-बिगवली काही नव्हती.

मग मी उडालो. फुटाळ्यावरून, अंबाझरीवरून, मौद्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरून. खाली कन्हान नदी. तीन आठवडे मी दिवसरात्र उडत होतो. चौथ्या आठवड्यात कंटाळा आला. मुलांसाठी व्हिडिओ बनवला तो एकच, पठारांवर, चार मिनिटांचा, आणि तोही मोबाइलवर. पुढे मी लॅपटॉप घेतला, जुन्या मशीनला चादर गुंडाळली आणि गच्चीत कूलरच्या खाली सरकवून दिलं. सरांची पट्टी त्याच्या पोटात.

सर त्यानंतर निवृत्त झाले. रस्त्यात भेटायचे, बोलायचे. पट्टीचं ते आपणहून काढत नसत. मला आठवायची, नाही असं नाही. भेटले की आठवायची आणि ते वळले की मी विसरायचो. नवलाची सोय असते बघा माणसाला.

एकदाच त्यांनी विचारलं. शाळा पुन्हा भरायला लागल्या होत्या. फोन आला, "भोयर, ते पट्टी लागते का गा तुले अजून?"

मी सोफ्यावर पडून मॅच पाहत होतो. पट्टी द्यायची म्हणजे कूलर सरकवा, मशीन ओढा, धूळ झाडा, स्क्रू काढायला पेचकस शोधा. म्हणालो, "लागते ना सर, थोडे दिवस. पोरांचे व्हिडिओ सुरू आहेत."

"अच्छा. राहू दे मंग. पोरांचं काम हाये." एवढं बोलून त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "भागाआत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन हाये रामदासपेठेत, पुढच्या सोमवारी. तुझी गाडी भेटन का घरी आणाले? ऑटोत धक्के बसतात."

हो म्हटलं. उलट बरं वाटलं. आपणही सरांच्या उपयोगी पडतो याचं.

भागाआत्या म्हणजे सरांच्या वडिलांची बहीण. मौद्याला मुलाकडे राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, एकाचं आधी झालं होतं, हे दुसरं. दवाखान्यातून ती काळा चष्मा घालून बाहेर आली आणि गाडीत बसल्या बसल्या बोलायला लागली. "आता मले सारं दिसन, बाबू. आता पहिले सुधाकरले त्याची आजी दाखवतो."

सुधाकर म्हणजे आमचे सर. मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. सर जरा संकोचून म्हणाले, "एक फोटो हाये गा जुना. धम्माची दीक्षा झाली, त्या छप्पन सालचा. आमची सारी वस्ती पांढरे कपडे घालून उभी हाये, चार ओळीत. वस्तीनं फोटोवाला बोलावला होता. मोठा हाये, तुकड्यातुकड्यानं स्कॅन करून मशीनवर जोडला. आता त्याच्यातल्या लोकांची नावं लिहून राहिलो."

"मी बी आहो त्याच्यात," आत्या म्हणाली. "पुढं खाली बसलेली, फ्रॉकात. अन् माय मांगं उभी हाये, झाडाखाली, बायात. सुधाकरनं तिले पाह्यलंच नाही. याच्या जन्माच्या आधीच गेली ते. दुसरा फोटो नाही तिचा. आता मीच एकटी उरली तिले पाह्यलेली."

मी मनात म्हटलं, असेल यांच्यातलं काहीतरी, आणि सिग्नलकडे पाहिलं. ‘यांच्यातलं’ हा शब्द माझ्या डोक्यात आला होता. लिहायची लाज वाटते, पण आला होता, आणि त्यामुळेच मी पुढे काही विचारलं नाही.

पाच दिवसांनी एक पपई घेऊन आत्याला भेटायला सरांकडे गेलो. खोलीचे पडदे ओढलेले. टेबलाजवळ आत्या, पाठीला उशी लावून. शेजारी सर, त्यांच्या त्या स्टुलावर. समोर गजराचं घड्याळ. डॉक्टरांनी सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, एवढंच कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहायची परवानगी दिली होती. पडद्यावर तो फोटो होता, पिवळा पडलेला, आणि त्याच्यावर ते गोल कडं फिरत होतं. थांबा म्हणून सांगणारं. सरांचा हात माउसवर नुसता ठेवलेला. दोघंही त्या कड्याकडे बघत बसले होते.

आणि मी, हा भोयर, उंबऱ्यातून मोठ्यानं म्हणालो, "काय सर, दुनियेला मेमरी शिकवता आणि स्वतःचं मशीन बैलगाडीसारखं? आता तरी वाढवा थोडी."

सर हसले. खरंच हसले. "पुरते गा," म्हणाले.

आत्या म्हणाली, "अर्धा घंटा याच्यातच जाते, बाबू."

तेवढ्यात कडं थांबलं. सावलीत बुडालेला एक चेहरा हळूच उजळला. आत्या पुढे वाकली. "थांब. हे कोंडाबाई होय. कोंडाबाई वासनिक. गाणी म्हणे ते. आता हिच्या बाजूची दाखव, बाजूची पाह्यल्याबिगर मले पुढचं आठवत नाही." सरांनी माउस हलवला, आणि पुन्हा कडं फिरायला लागलं. फिरतच राहिलं. मग गजर झाला. सरांनी आत्याला चष्मा घातला, डोळ्यात थेंब टाकले आणि कागदावर एक नाव लिहिलं. अर्ध्या तासात एक. मी चहा घेतला, पपई चांगली पिकलीय म्हणून सांगितलं आणि घरी आलो.

मला तेव्हाही कळलं नाही, असं म्हणायचं माझ्या फार जिवावर येतं. कळलं नाही की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. मेमरी कमी पडली की काय होतं, हे मला विमानावरून चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याला तिचा मुलगा मौद्याला घेऊन गेला. दिवाळीनंतर आपण तिकडे जाऊ, फोटोचे मोठे प्रिंट काढून नेऊ, असं सरांनी ठरवलं होतं. दिवाळीच्या आठ दिवस आधी आत्या गेली. झोपेतच.

मी भेटायला गेलो तेव्हा सर मौद्याहून यायचे होते. घरी वहिनी. भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. फोटोतल्या सगळ्या डोक्यांच्या नुसत्या बाह्यरेषा, प्रत्येकावर आकडा, आणि खाली नावं. पुढच्या तीन ओळी भरलेल्या. मागची ओळ बायांची. तिच्यात डावीकडून नऊ नावं, नववं कोंडाबाई वासनिक, आणि पुढे सगळे नुसते आकडे.

मी विचारलं, "हे राहिलं?"

वहिनी म्हणाल्या, "गड्याची नावं कुठी न कुठी भेटतात भाऊ. शाळेच्या दाखल्यात, मिलच्या हजेरीत. बायांची कोणं लिहिली? ते आत्याबाईलेच ठाऊक होती." मग त्या रिकाम्या आकड्यांकडे बोट करून, "पहिल्याच दिवशी झाडाखालच्या बाया काढाले गेले. आजेसासूबाई तिथंच हायेत म्हणे, आत्याबाई सांगे. पण तिथं सावली लय. चेहरा उजळवाले गेले का मशीन जे बसे, ते उठतच नव्हतं. मंग इकडून सुरू केलं, एकेक करत तिकडं जाऊ म्हणून. तुकडे करून बी पाह्यले, तर बाजूची बाई दिसल्याबिगर आत्याबाईले ओळखू नाही ये."

"दुसरी पट्टी नाही मिळाली?" हे मी विचारलं. कसं विचारलं, कोण जाणे.

"बर्डीवरून आणली ना एक जुनी. नाही चालली, मशीन नुसतं शिट्ट्या मारे. मी म्हणलं यायले, भोयर भाऊले मागा ना आपली. तर म्हणे, त्याच्या मशीनवर पोरं शिकून राहिली. मंग मी बी काही म्हणलं नाही. पोरायचं काम मोठं."

वहिनींच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी काहीतरी उलट बोलू शकलो असतो. पाण्याचा ग्लास तसाच ठेवून मी उठलो.

घरी आल्यावर कूलर सरकवला. चादरीवर बोटभर धूळ. झाकण काढलं तर आत पालीची अंडी. पट्टी जागेवर होती, सरांनी बसवली होती तशी. घाईत मी गजाला हात लावला नाही, हे पट्टी हातात आल्यावर आठवलं. मग रात्रभर मनात एकच, की मी तिला मारलं तर नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. सर एकटेच होते, दाढी वाढलेली. मी रुमालात गुंडाळलेली पट्टी पुढे केली. वाटेत सगळं पाठ करून आलो होतो, विमान, कूलर, सोफा, मॅच. सांगणारच होतो.

सरांनी पट्टी घेतली. "झाले का व्हिडिओ पोरांचे?"

मी म्हणालो, "झाले."

बस. तेवढंच निघालं तोंडातून. त्या माणसासमोर, त्या दिवशी, पुन्हा खोटं.

"बेस झालं," सर म्हणाले. खिशातून खोडरबर काढलं, पट्टीचे दात हळूहळू घासले, दोन्ही बाजूंनी, उजेडाकडे धरून पाहिले. भुगा तळहातावर गोळा करून खिडकीबाहेर टाकला. मग मशीनचं झाकण काढलं. वाकायला त्यांना त्रास होत होता, म्हणून मी पट्टी त्यांच्या हातून घ्यायला पुढे झालो.

"गजाले हात लावला का?"

मी खिडकीचा गज धरला.

त्यांनी स्वतःच पट्टी बसवली. मशीन सुरू झालं, न कुरकुरता. सोळा दाखवले. पट्टी मेली नव्हती. सरांनी फोटो उघडला. एकदाच ते कडं दिसलं, लगेच गेलं, आणि सगळी वस्ती समोर उभी राहिली, पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी मागची ओळ मोठी केली. झाडाखालची सावली उजळली, आणि एकापाठोपाठ एक बाया दिसायला लागल्या. डोक्यावरून पदर घेतलेल्या. एकीच्या कडेवर पोर. एक हसणारी. एकीनं डोळे मिटून घेतलेले.

"पाहा भोयर, किती साफ दिसते."

सर पुढच्या बाईवर गेले आणि थांबले. मग तिच्या पुढच्या बाईवर, आणि थांबले. प्रत्येक चेहऱ्यापाशी ते तेवढाच वेळ थांबत होते, शेजारी बसलेल्या कोणीतरी नाव सांगावं आणि आपण ते लिहून घ्यावं, याला जेवढा लागतो तेवढा. कागद समोर होता, पेन हातात होतं. त्यातली एक त्यांची आजी होती. कुठली, ते सांगणारं आता कोणी नव्हतं. ओळ संपेपर्यंत मी गज धरून तिथंच उभा होतो. हात सोड, असं सरांनी सांगितलं नव्हतं.